गोष्टीत टिकलेलं व्याकरण

ग्लुस्काबेला शिकार मनासारखी मिळत नव्हती, म्हणून त्याने आजीकडे पिशवी मागितली. आजीने हरणाच्या केसांची विणून दिली, नको म्हणाला. मूस या मोठ्या हरणाच्या केसांची दिली, तीही नको. शेवटी आजीने स्वतःच्या अंगावरचे केस उपटून पिशवी विणली, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली. (ही आजी म्हणजे वुडचक, बिळात राहणारा, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी.) मग ग्लुस्काबे रानात जाऊन ओरडला, जग बुडणार आहे, या, माझ्या पिशवीत लपा! लहानमोठे सगळे प्राणी आत शिरले. पिशवी खांद्यावर टाकून तो घरी आला आणि आजीला म्हणाला, आता शिकारीची वणवण संपली. आजी संतापली. सगळे प्राणी आपणच कोंडून ठेवले तर पुढच्या पिढ्यांनी जगायचं कशावर? नातवाला ते पटलं. त्याने पिशवीचं तोंड सोडलं आणि प्राणी परत रानात गेले.

ही गोष्ट पेनॉब्स्कॉट या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांची, आणि ग्लुस्काबे त्यांच्या गोष्टींचा नायक. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यात पेनॉब्स्कॉट नदी वाहते. तिच्यातल्या इंडियन आयलंड या बेटावर, ओल्ड टाउन गावाला लागून, त्यांची मुख्य वस्ती आहे. न्यूएल लायन नावाच्या पेनॉब्स्कॉट कथेकऱ्याने थोरामोठ्यांकडून ऐकलेल्या अशा बऱ्याच गोष्टी मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक स्पेक यांना सांगितल्या. स्पेक यांनी त्या मूळ भाषेत लिहून घेतल्या आणि १९१८ साली छापल्या. त्या काळच्या अभ्यासकांना हे लोक आता संपतच आले आहेत असं वाटायचं. लोक संपले नाहीत, भाषा मात्र संपत गेली.

आणि ती आपसूक संपली नाही. १७५५ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहत सरकारने पेनॉब्स्कॉट माणसांच्या डोक्याच्या कातडीवर रोख इनाम जाहीर केलं होतं. बायका आणि लहान मुलंसुद्धा त्या दरपत्रकात होती. पुढे शाळांमधून इंग्रजीची सक्ती झाली, आणि मुलांना त्रास नको म्हणून घरोघरी आईबापांनीच आपली भाषा आवरती घेतली. लहानपणापासून पेनॉब्स्कॉट बोलत आलेल्या शेवटच्या वक्त्या म्हणून मॅडलिन शे यांचं नाव घेतलं जातं. त्या १९९३ साली वारल्या.

त्याआधी एका माणसाने या भाषेचा ध्यास घेतला होता. फ्रँक सीबर्ट हे पेशाने पॅथॉलॉजिस्ट, भाषाशास्त्र स्वतःच शिकलेले. १९३० च्या दशकापासून ते बोलणाऱ्यांकडून शब्द टिपत होते, आणि १९६० च्या दशकात ओल्ड टाउनलाच राहायला गेले. त्यांनी पेनॉब्स्कॉट शब्दकोश रचला. त्या कामात १९८२ पासून त्यांना मदत करणाऱ्यांत कॅरल डाना ही पेनॉब्स्कॉट स्त्री होती. आज भाषेच्या पुनरुज्जीवनाचं काम पुढे नेणाऱ्यांत डाना यांचं नाव अग्रभागी आहे.

शब्दकोश हाताशी असताना भाषा पुन्हा जिवंत करू पाहणाऱ्या या लोकांना लायन यांच्या गोष्टींकडे का वळावं लागलं? याचं उत्तर व्याकरणात आहे, आणि मला ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

मराठीतलं एक वाक्य घ्या: ‘तो त्याला म्हणाला की त्याची पिशवी फाटली आहे.’ पिशवी कोणाची? मराठी सांगत नाही. आपण मागच्यापुढच्या संदर्भावरून ओळखतो. उत्तर अमेरिकेतल्या अल्गॉन्क्वियन कुळातल्या भाषांमध्ये, आणि पेनॉब्स्कॉट त्यांतलीच, हा घोळ सहसा होत नाही. प्रसंगात दोन सजीव तृतीयपुरुषी पात्रं असतील तर दोघांना एकच मान मिळत नाही. एक मध्यभागी असतं, दुसरं थोडं मागे, आणि मागच्याच्या नामाला वेगळा प्रत्यय लागतो. नातं सांगतानाही तेच. ‘त्याची आजी’ म्हटलं की ‘तो’ पुढे आणि आजी आपोआप मागे. आता ग्लुस्काबे मध्यभागी आहे आणि आजी त्याला रागावते आहे, असं सांगायचं झालं, तर मागचं पात्र पुढच्यावर क्रिया करतंय हे क्रियापदाने दाखवावंच लागतं. त्यासाठी त्याचं निराळं, उलट दिशेचं रूप असतं. निवेदकाला वाटलं तर तो मध्येच आजीला पुढे आणतो, की प्रत्ययांची सगळी मांडणी फिरते. चित्रपटातला दिग्दर्शक कॅमेऱ्याने जे करतो, ते इथे कथेकरी प्रत्ययांनी करतो.

शब्दकोशात ‘रागावणे’ सापडेल, त्याची रूपंही सापडतील. पण कोणाला कधी पुढे आणायचं, किती वेळ ठेवायचं, कोणत्या वळणावर बाजूला सारायचं, हे नोंदीत मावत नाही. त्यासाठी निदान दोन पात्रं आणि त्यांच्यात काहीतरी घडणं लागतं. म्हणजे गोष्टच लागते. लायन यांनी सांगितलेल्या कथांमध्ये हे कौशल्य ओळीओळीला वापरलेलं आहे. म्हणूनच शिकणाऱ्यासाठी त्या इतक्या मोलाच्या आहेत.

सजीव-निर्जीव हा भेदही क्रियापदात भिनलेला आहे: सजीव वस्तू पाहिली तर एक क्रियापद, निर्जीव पाहिली तर दुसरं. इंग्रजीत वाढलेल्या पेनॉब्स्कॉट मुलांना हे अवघड जातं. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरकही या भाषेत आहे. तो इंग्रजीभाषकाला समजावून सांगावा लागतो. मराठी माणूस मात्र तो बोलायला लागल्यापासून पाळत आलेला असतो.

२०२१ साली या कथांपैकी १३ कथा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या प्रकाशनाने नव्याने छापल्या, आजच्या पेनॉब्स्कॉट लेखनपद्धतीत आणि नव्या इंग्रजी अनुवादासह. कॅरल डाना, मार्गो लुकेन्स आणि भाषाशास्त्रज्ञ कॉनर क्विन यांचं हे काम. या लेखनपद्धतीत ग्लुस्काबेचं नाव ‘क’ने सुरू होतं आणि त्यात ‘ब’ नाही, ‘प’ आहे. कारण या भाषेत क-ग किंवा प-ब बदलल्याने अर्थ बदलत नाही. शब्दातल्या जागेनुसार ते आपोआप घोष (ग, ब) किंवा अघोष (क, प) होतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत या नायकाचं नाव तऱ्हेतऱ्हेने लिहिलेलं दिसतं, त्यामागचं हे एक कारण.

गोष्टींत भूगोलही आहे. आग्लेबेमू नावाच्या बेडूकसदृश राक्षसाने सगळं पाणी अडवून ठेवलं आणि खालच्या बाजूची माणसं तहानेने मरू लागली. ग्लुस्काबेने त्याला मारलं आणि एक मोठं झाड पाडलं. त्याच्या फांद्याफांद्यांतून पाणी वाहिलं, तीच पेनॉब्स्कॉट नदी आणि तिच्या उपनद्या. तहानलेली काही माणसं पाण्यात झेपावली ती मासे, बेडूक, कासवं झाली, आणि त्यांच्या नातलगांनी तीच नावं कुळांना घेतली. या नदीवरचं ग्रेट वर्क्स धरण २०१२ साली आणि वेझी धरण २०१३ साली पाडण्यात आलं. त्या प्रकल्पात पेनॉब्स्कॉट नेशन, म्हणजे या लोकांचं स्वतःचं शासन, सुरुवातीपासून होतं. आता समुद्रातून अंडी घालायला वर येणारे हेरिंग जातीचे मासे पुन्हा लाखोंनी नदीत चढतात.

एक प्रश्न मात्र अजून सलतो. १९९८ साली सीबर्ट वारल्यावर त्यांचे कागद आणि ध्वनिमुद्रणं फिलाडेल्फियातल्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे गेली. ज्यांच्या आज्यांनी ते शब्द उच्चारले, त्यांनाच ते वापरण्यासाठी परक्या संस्थेशी हक्कांची बोलणी करावी लागली. लिहून घेणाऱ्याचे कष्ट मोठे होते हे मला मान्य आहे. तरीही या साहित्याचं काय करायचं, हे ठरवताना पहिला शब्द इंडियन आयलंडवरच्या लोकांचा असायला हवा, आणि जिथे जिथे अशा भाषांचे कागद दूरच्या कपाटांत आहेत, तिथेही हाच नियम लागू व्हावा.