गोवरच्या व्हायरसचं एक जास्तीचं अक्षर

2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवर पसरला तेव्हा सगळीकडे लसीचीच चर्चा होती आणि ती व्हायलाच हवी होती, पण या व्हायरसच्या पोटातली एक गोष्ट मला तेव्हापासून सांगायची आहे.

त्याचा सगळा जीनोम, म्हणजे त्याला घडवणाऱ्या सूचनांचा मजकूर, आरएनए नावाच्या रेणूवर लिहिलेला असतो. त्यात फक्त 15,894 अक्षरं, जीन्स सहा. एवढ्याशा सामानात संसार करायचा तर एकाच जीनकडून दोन-तीन कामं करून घ्यावी लागतात. त्यातला पी जीन बघा. व्हायरस आपल्या पेशीत शिरला की त्याचं स्वतःचं पॉलिमरेज, म्हणजे कॉपी काढणारं यंत्र, या जीनची एमआरएनए कॉपी (पेशी वाचते ती) काढायला लागतं, आणि मध्ये एका ठिकाणी पाच ए नि त्यांना लागून तीन जी अशी अक्षरं येतात, तिथे ते अडखळतं आणि बरेचदा एक जी जास्तीचा टाकून पुढे जातं. मूळ जीनोममध्ये तो जी नसतोच!

आता पेशी हा मजकूर वाचते तीन-तीन अक्षरं धरून. "अमर कमळ बघत बसला" यात एक क जास्त घाला आणि पुन्हा तीन-तीन तोडा: "अमर ककम ळबघ तबस ला". आपलं वाक्य गेलं कामातून. व्हायरसचं जात नाही, सरकलेल्या अक्षरांतूनही कामाचं प्रोटीन निघतं, आणि मला हे खरंच थक्क करतं. साधी कॉपी वाचली तर 507 अमिनो आम्लांचं (प्रोटीनच्या माळेतले मणी म्हणा) पी प्रोटीन, जे पॉलिमरेजला मदत करतं. जास्तीचा जी असला तर 299 चं व्ही प्रोटीन. पहिली 231 दोघांत सारखी, शेपूट मात्र पूर्ण वेगळं. हे शेपूट पेशीतल्या एमडीए5 ला धरून ठेवतं, म्हणजे परका आरएनए दिसला की बोंब मारणाऱ्या राखणदारालाच, मग इंटरफेरॉनचा, म्हणजे व्हायरसविरुद्ध पेशींना सावध करणाऱ्या प्रोटीनचा, इशारा नीट जातच नाही.

जीनोमची नक्कल काढताना मात्र असं जास्तीचं अक्षर परवडत नाही, कारण त्याच्यावरच्या प्रोटीनच्या आवरणात एकेका प्रोटीनखाली बरोबर सहा अक्षरं बसतात. 15,894 ला 6 ने भागून बघा, बाकी शून्य.

हे जास्तीचं अक्षर घालणं, म्हणजे एडिटिंग, 1988 मध्ये गोवरच्याच भाऊबंदांपैकी एका व्हायरसमध्ये सापडलं आणि 1989 मध्ये गोवरमध्ये. याच कुळातला उंदरांना होणारा सेंदाई व्हायरस आहे, त्याचं व्ही काढून टाकलं तर तो लॅबमधल्या पेशींत मजेत वाढतो, पण उंदराच्या फुफ्फुसात गेला की त्याचा टिकाव लागत नाही.