डोळ्यांत तेल किती वेळ पुरतं?

१९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक अत्यंत कंटाळवाणा प्रयोग प्रसिद्ध केला. कोऱ्या तबकडीवर एक काटा दर सेकंदाला एकेक टप्पा पुढे सरकायचा. मधूनच, अगदी क्वचित, तो एकदम दोन टप्पे उडी घ्यायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. पण सलग दोन तास. रडारच्या पडद्यासमोर बसलेली प्रशिक्षित माणसंसुद्धा खुणा का हुकवतात, हे त्याला समजून घ्यायचं होतं. दिसलं ते असं, की पहिल्या अर्ध्या तासातच नजरेची धार उतरते. माणूस कामचुकार नसतो, डोळेही उघडे असतात. पण बराच वेळ काहीच न घडणाऱ्या दृश्यावर मेंदू जागता पहारा देत नाही.

घरच्या घरी पाळणाघर चालवणाऱ्यांचा दिवस यापेक्षा कितीतरी लांब असतो. ‘मुलांवरून नजर हटू देऊ नका’ हे त्यांना सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण हा सल्ला शरीरशास्त्रात बसत नाही. शिवाय नजर असली म्हणजे दिसतंच, असंही नाही. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांनी लोकांना चेंडूफेकीचा एक व्हिडिओ दाखवून पास मोजायला सांगितले. खेळाडूंमधून गोरिलाचा वेश घातलेली एक व्यक्ती सरळ चालत गेली, आणि जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. दुधाच्या बाटलीत पावडरचे चमचे मोजत असताना आपलंही तेच होतं.

म्हणून मुलांच्या अपघातांचा अभ्यास करणारे देखरेखीचे तीन भाग पाडतात: लक्ष, अंतर आणि सातत्य. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या बार्बरा मोरोंजिएलो यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. मूल दिसतंय का, हाताच्या अंतरावर आहे का, आणि हे सलग चालू आहे की अधूनमधून, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पाच वर्षांचं मूल शेजारच्या खोलीत चित्र काढत असेल तर मधूनमधून डोकावणं पुरतं. नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर अंतराला सर्वांत जास्त किंमत. कॅरन अडॉल्फ यांच्या गटाने २०१२ साली अशा मुलांची पावलं मोजली, तेव्हा एक ते दीड वर्षाची मुलं मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात, असं आढळलं. प्रत्येक वेळी धावत जाऊन झेलायला गेलात तर दुपारपर्यंत तुम्ही संपाल आणि मूल चालायला शिकणार नाही. पडू द्यायचं, फक्त ते कशावर पडेल, हे आधी पाहून ठेवायचं.

आधी पाहून ठेवणं हेच या कामातलं खरं कसब, असं मला वाटतं. डायपर बदलण्याची वेळ घ्या. बाळ आडवं, आपला एक हात त्याच्या पोटावर, दुसरा हात पुसायच्या कपड्याकडे, आणि त्याच क्षणी मागे कोणीतरी खुर्चीवर चढतंय. हा प्रसंग दिवसातून पाच-सहा वेळा येणार हे पक्कं ठाऊक असताना बहुतेक घरांत ही जागा भिंतीकडे तोंड करून मांडलेली असते! तीच चटई जमिनीवर अंथरून आपली पाठ भिंतीला लावून बसलं, तर बाळ पडण्याची भीती संपते आणि अख्खी खोली समोर येते. डायपर, पुसायचे कपडे, पिशवी हे सगळं बसण्याआधी हाताशी घ्यायचं. एकाग्रतेचे कितीही धडे गिरवले तरी त्यांनी एवढा फरक पडणार नाही.

घरगुती पाळणाघरात वयं मिसळलेली असतात, आणि अवघड जातं ते तिथेच. सहा वर्षांच्या मुलाची जोडाजोडीची खेळणी त्याच्यासाठी निर्धोक असतात. रांगत्या बाळासाठी मात्र त्यातला प्रत्येक तुकडा घशात अडकू शकतो. लहान मुलांच्या खेळण्यांची चाचणी ज्या नळकांड्यात करतात, त्याचा व्यास ३.१७ सेंटिमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी त्याहून थोडी रुंद असते, म्हणून घरी तपासायला ती चांगली. मोठ्यांचा खेळ टेबलावर, धाकट्यांचा जमिनीवर, एवढी वाटणी केली तरी निम्मं काम होतं.

काही गोष्टींना मात्र लक्षाच्या भरवशावर सोडायचंच नाही. रिमोटमधली किंवा खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर ओलसर आवरणातून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांच्या आत खोल भाजू शकतं. बॅटरी फुटावी लागत नाही. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय गाठायचं, उलटी काढायच्या फंदात पडायचं नाही. पाण्याचंही तसंच. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून पाहताना ते बादलीत डोक्यावर उलटलं, तर स्वतःला वर उचलून घेता येत नाही. काही सेंटिमीटर पाणी पुरतं, आणि बुडताना आवाज होत नाही. आवाजावर कान ठेवून असणाऱ्यांना हे कळतच नाही. बादली रिकामी ठेवणं हा एकच उपाय.

आता बोलण्याकडे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहानग्यांच्या हातात रबरी फुगा देऊन तो कधी दाबायचा ते तोंडी सांगितलं. फुगा दाबणाऱ्या चिमुकल्याला ‘दाबू नकोस’ म्हटलं, तर ते थांबण्याऐवजी उलट जोरात दाबायचं. शब्द पोचतो, पण त्यातला नकार हातापर्यंत उतरत नाही. पुढे फिलिप झेलाझो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली आणखी एक गंमत दाखवली. तीन वर्षांच्या मुलांना पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायला सांगितले, मग आकाराप्रमाणे. नवा नियम काय, हे मुलं बरोबर सांगत. हात मात्र जुन्या नियमानेच चालत. पाचव्या वर्षाच्या आसपास हे जमू लागतं. ‘हजारदा सांगितलंय, तरी मुद्दाम करतो’ हा आरोप म्हणूनच बऱ्याचदा चुकीचा असतो. त्याला नियम माहीत असतो, पण स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून तयार होत असतो.

दोन वर्षांची दोन मुलं एकाच ट्रकवर तुटून पडली आहेत, एकाने दुसऱ्याच्या दंडाला दात लावले आहेत. लांबून ‘अरे चावू नको’ ओरडण्याचा उपयोग नाही, हे वरच्या प्रयोगांतून कळतं. जवळ जायचं, दोघांच्या मध्ये हात घालायचा, त्यांच्या उंचीवर बसायचं आणि करायची गोष्ट सांगायची: “ट्रक माझ्याकडे दे.” मग थांबायचं. उत्तर यायला दोन-चार सेकंद लागतात, तेवढ्यात वाक्य पुन्हा म्हणायचं नाही. आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्यायचं. नाहीतर चावणाऱ्यालाच सगळं लक्ष मिळतं. रिचर्ड ट्रेंब्ले यांच्या दीर्घ अभ्यासांनुसार मारणं, ओढणं, चावणं हे प्रकार आयुष्यात सर्वांत जास्त दोन ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान होतात आणि नंतर उतरतात. तेव्हा ‘हे मूल गुंड निघणार’ असं पालकांना कळवण्याची घाई नको. आणि हो, सारखाच दुसरा ट्रक विकत घेणं हा पराभव नाही.

मुलं झोपली की जरा उसंत मिळते, पण एक नियम तिथेही सुटत नाही: वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, सपाट, उशी-पांघरुणांच्या ढिगाशिवाय. अमेरिकेत १९९४ साली याची मोहीम सुरू झाली आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आले. पाठीवर झोपायची सवय असलेल्या बाळाला कोणी एखाद्या दिवशी पालथं झोपवलं, तर धोका कित्येक पटींनी वाढतो. पाळणाघरात हे सहज होतं, कारण झोपवणारे हात बदललेले असतात. नवं बाळ आलं की पहिल्याच दिवशी आईबाबांना विचारायचं, हे घरी कसं झोपतं.

संध्याकाळची न्यायला येण्याची वेळ मात्र फसवी. खोलीत मोठी माणसं वाढतात आणि देखरेख कमी होते, कारण आई समजते सांभाळणारी बघतेय, सांभाळणारी समजते आता आई आली. दार उघडं, चपलांचा गोंधळ, दिवसभराच्या गप्पा, आणि बाहेर गाड्या. इथे संकोच न करता मोठ्याने सांगावं, “हा आता तुमच्याकडे.” पालकांनी “हो, माझ्याकडे” म्हटल्याशिवाय त्याचा हात सोडायचा नाही.