नानशा वेगळं, नानशान वेगळं: मधे नदी आहे

चीनमधून माल मागवताना कोटेशनवर लिहिलेलं असतं ‘एफओबी शेन्झेन’, म्हणजे शेन्झेन बंदरात जहाजावर माल चढवून देण्याचा भाव. बिल ऑफ लेडिंगवर (बीएल, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती) लोडिंग पोर्ट येतं ‘नानशा’. इंपोर्टर गोंधळतो, चार जणांना विचारतो, आणि त्यातला एक तरी छातीठोकपणे सांगतो, ‘अहो, नानशा म्हणजे शेन्झेनच. टेन्सेंटचं ऑफिस आहे ना तिथे!’ टेन्सेंट या इंटरनेट कंपनीचं ऑफिस आहे शेन्झेनच्या नानशानमध्ये. शेवटचा ‘न’ खाल्ला की माणूस दुसऱ्या शहरात, नदीच्या दुसऱ्या काठावर जाऊन पडतो. फॉरवर्डिंगच्या (लोकांचा माल जहाजाने पाठवण्या-आणण्याच्या) धंद्यात हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

नानशान तुम्हाला माहीत आहे, कदाचित या नावाने नसेल. शेको, छिवान, मावान ही बंदरं, छ्यानहायचे टॉवर, टेन्सेंट, ड्रोनवाली डीजेआय, सगळं शेन्झेन शहराच्या नानशान जिल्ह्यात येतं. १९७९ साली चायना मर्चंट्सने शेकोला औद्योगिक वसाहत काढली, १९९० मध्ये जिल्हा झाला, पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

नानशा हा ग्वांगझो शहराचा अगदी दक्षिणेकडचा, समुद्राला टेकलेला जिल्हा. २००५ मध्ये पान्यू जिल्ह्यातून तोडून काढला, २०१२ मध्ये आणखी तीन गावं जोडून त्याचं क्षेत्रफळ ८०० चौरस किलोमीटरच्या आसपास नेलं. नानशान यापेक्षा चौपटीने लहान. पण २०२० च्या जनगणनेत नानशानमध्ये सुमारे १८ लाख माणसं होती, नानशात साडेआठ लाख. नानशातली बरीच जमीन नदीने आणून टाकलेल्या गाळाला बांध घालून मिळवलेली आहे, आपल्या कोकणातल्या खाजणांसारखी. तिथे ऊस आणि केळी व्हायची. हाँगकाँगचे उद्योगपती हेन्री फोक यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे पैसा ओतायला सुरुवात केली, टोयोटाचा संयुक्त कारखाना नंतर आला. आजही कंटेनर यार्डापासून थोडं आत गेलात की कालवे आणि शेती दिसते.

गोंधळ वाढायला २०१५ सालचाही हातभार आहे. त्या वर्षी ग्वांगदोंग मुक्त व्यापार क्षेत्र जाहीर झालं, तीन तुकड्यांत: नानशा, छ्यानहाय-शेको आणि हंगचिन. तेव्हापासून बातम्यांत ही नावं एकाच दमात येतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, शेजारशेजारचे प्लॉट असतील. (यूट्यूबवरचे काही महाभाग तर नानशा बंदराची माहिती देताना दक्षिण चीन समुद्रातल्या वादग्रस्त बेटांचा नकाशा लावतात. त्या स्प्रॅटली बेटांना चीन नानशाच म्हणतो, खरं आहे. पण तुमचा टाइल्सचा कंटेनर तिकडून येत नाही.)

आता मुद्द्याचं. नकाशा समोर घ्या. पर्ल नदीचं मुख उत्तरेकडे निमुळतं होत जातं. पूर्व काठावर खालून वर हाँगकाँग, शेन्झेन, डोंगग्वान. पश्चिम काठावर मकाव, झुहाय, झोंगशान आणि वर, मुख अरुंद होतं तिथे, नानशा. नानशान पूर्वेला, नानशा पश्चिमेला. लोक जिल्हा, शहर, फ्री झोन असल्या गोष्टींत अडकतात, पण माल मागवणाऱ्याने आधी काठ बघावा. कारण कारखाने काठाकाठाने वाटले गेलेत. फोशानच्या टाइल्स आणि फर्निचर, शुंदेची घरगुती उपकरणं, झोंगशानच्या गुझेनमधले दिवे, हा सगळा पश्चिमेचा माल. शेन्झेनचं इलेक्ट्रॉनिक्स आणि डोंगग्वानचे असंख्य छोटे कारखाने पूर्वेचे.

पश्चिमेच्या मालाची चाल बघितली की नानशाचं काम कळतं. शुंदेच्या कारखान्यात कंटेनर भरला, सील लागलं. ट्रक त्याला दूर नेत नाही, जवळच्या रोंगछी किंवा बेजाओच्या नदीवरच्या धक्क्यावर सोडतो. तिथून बार्ज, म्हणजे नदीतून माल नेणारा सपाट पडाव. बार्ज फाटेफुटे ओलांडत नानशाला, लोंगश्वे बेटावरच्या टर्मिनलला लागते आणि डबा मोठ्या जहाजावर चढतो. म्हणून बीएलवर ‘प्लेस ऑफ रिसीट’ शुंदे आणि ‘पोर्ट ऑफ लोडिंग’ नानशा असं दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे. बार्जमुळे कट-ऑफ (माल द्यायची शेवटची वेळ) मात्र आधी येते, आणि धुकं पडलं किंवा वादळाचा इशारा लागला की पहिली बार्जच थांबते. सप्लायर ‘व्हेसल मिस झालं’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा चुकलेली असते ती बार्ज.

शेकोलाही पश्चिमेकडून बार्ज येतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. म्हणूनच फोशानचा विक्रेता बिनदिक्कत ‘एफओबी शेन्झेन’ लिहितो. पण एफओबीमध्ये नाव लिहिलेल्या बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा, म्हणजे तो किमतीतच धरलेला. पैसे शेन्झेनपर्यंत पोचवण्याचे घेतले आणि डबा नानशाहून लावला, तर उरलेली रक्कम कुणाच्या खिशात जाते, हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. मला विचाराल तर पश्चिम काठाच्या मालाला ‘एफओबी नानशा’ असाच भाव मागावा. ‘एफओबी शेन्झेन’ तर तसंही अर्धवट आहे: शेको शहराच्या पश्चिम टोकाला आणि यानतियान पूर्वेला, दापेंगच्या खाडीवर. यानतियानला नदीच नाही, तिथे जाणारा माल मुख्यतः ट्रकने जातो, आणि शेन्झेनच्या एकूण कंटेनरपैकी जवळजवळ निम्मे तिथूनच सुटतात.

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागदपत्रं जुळली तरच पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर प्रकरण जास्त चिघळतं. एलसीत ‘शेन्झेन’ आणि बीएलवर ‘नानशा’ आलं की बँक डिस्क्रिपन्सी, म्हणजे विसंगती, काढते. ‘एकाच डेल्टातली बंदरं आहेत हो’ हा युक्तिवाद काउंटरवर चालत नाही, चालूही नये. आधीच ‘एनी पोर्ट इन चायना’ लिहून घ्या. बीएलवर मग प्रत्यक्ष बंदराचं नाव आलं की झालं.

‘आता पूल झालेत, काठबिठ कसला?’ असंही ऐकवतात. हुमेनचा पूल १९९७ चा, नानशा पूल २०१९ चा, आणि शेन्झेन-झोंगशान जोडणारा मार्ग जून २०२४ मध्ये सुरू झाला. माणसांसाठी उत्तमच. पण फोशानमधल्या टाइल्सच्या भट्ट्या पुलावरून पलीकडे गेल्या नाहीत, आणि जड मालाला बार्जइतकं स्वस्त काही नाही.

आकार, खोली, ऑटोमेशन यावर मी वेळ घालवणार नाही. २०२३ मध्ये शेन्झेनने तीन कोटींच्या जरा खाली आणि ग्वांगझोने सुमारे अडीच कोटी टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या हिशोबाने) हाताळले. आपलं जेएनपीए २०२३-२४ मध्ये ६४ लाखांवर होतं. न्हावा शेवाला बसलेल्या माणसाला दोन्ही प्रचंडच. ग्वांगझोचं जुनं बंदर हुआंगपू वर नदीत आहे, एकेकाळी मुंबईहून कापूस घेऊन गेलेली जहाजं तिथेच नांगर टाकायची. आता मोठी जहाजं नानशालाच लागतात, त्यामुळे बीएलवर नुसतं ‘ग्वांगझो’ दिसलं तर टर्मिनल विचारून घ्या.

शेवटी कँटन फेअरला जाणाऱ्यांसाठी. प्रदर्शन ग्वांगझोच्या पाझोला भरतं. नानशात हॉटेल घेतलंत तर लांब पडेल, पण जमेल: मेट्रोची १८ नंबरची लाइन ताशी १६० किलोमीटरने धावते, मोद्येशाला उतरून ८ नंबर पकडायची. नानशानमध्ये घेतलंत तर आधी शेन्झेन सोडून ग्वांगझो गाठायला वेगळी रेल्वे धरावी लागेल, रोज, जाऊन-येऊन. चिनी पत्त्यात जिल्ह्याच्या आधी शहराचं नाव असतं. बुकिंग करताना तेवढं वाचा.