गटावर सगळेच एका बाजूचे का दिसतात?

निवडणूक जवळ आली की कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक वाक्य हमखास येतं: "औंदा सगळं गाव एका बाजूला हाय." बहुतेक वेळा ही मोजणीतली चूक असते.

समजा, गल्लीत दहा घरं आहेत. तरुण मंडळाचा अध्यक्ष आणि दूध डेअरीचा सेक्रेटरी यांचं सगळ्यांशी बोलणं-चालणं. उरलेल्या आठ घरांचा संबंध या दोघांशी आणि एकेका शेजाऱ्याशी. एका उमेदवाराच्या बाजूने आहेत ते फक्त हे दोघं, म्हणजे खरा पाठिंबा 20 टक्के. पण आठांपैकी कुणीही आपल्या ओळखीतले तिघं मोजले, तर दोघं त्याच उमेदवाराचे निघतात! पाठिंबा दिसतो 67 टक्के. इथे कुणी खोटं बोललेलं नाही. ज्याच्या ओळखी जास्त, तो प्रत्येकाच्या मोजणीत पुन्हा येतो, एवढंच. अभ्यासक याला बहुमताचा आभास म्हणतात. मन न ठरलेला मतदार यालाच भुलतो. मत वाया जाऊ नये असं त्यालाही वाटतं.

दुसरी गोष्ट ओळखीच्या चेहऱ्याची. 2 नोव्हेंबर 2010 ला अमेरिकेतल्या मतदानादिवशी फेसबुकवर 6.1 कोटी लोकांवर प्रयोग झाला. 'आज मतदान करा' एवढाच संदेश दिसला त्यांच्यात फरक पडला नाही. मतदान केलेल्या मित्रांचे फोटो सोबत दिसले, तिथे मतदान किंचित वाढलं. अंदाजे 60 हजार मतं थेट वाढली आणि 2 लाख 80 हजार मित्रांमार्फत, तीही मुख्यतः जवळच्या मित्रांमुळे. म्हणून शंभर फॉरवर्डपेक्षा भिशीतल्या वहिनीचा एक शब्द भारी पडतो, असं आम्हांला वाटतं.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. सोयरीक कोल्हापूर-चंदगडला, पोरं कामाला पुण्या-गोव्याला. गटावर सगळ्यांत जास्त लिहिणारा इथला मतदार असेलच असं नाही.

तेव्हा गटावरचे शेवटचे 50 राजकीय मेसेज घ्या. ते किती जणांनी टाकले ते मोजा. त्यातल्या कितींची नावं आपल्या मतदारयादीत आहेत ते बघा. दुहेरी बाणाचे मेसेज बाजूला काढा, ते अनेक हातांतून फिरून आलेले असतात. गप्प बसलेल्यांचं मत हवं असेल तर गटावर विचारू नका. बांधावर एकट्याला गाठा, कारण चारचौघांत माणूस समोरच्याच्या कलानं बोलतो.