हेराक्लीसचे उतरवलेले अवयव

जमिनीतून निघालेला रोमन संगमरवरी पुतळा सहसा धड नसतो. नाक, बोटे, हात आधी जातात. 16व्या शतकात रोममधल्या धनिकांना आपल्या बागेत मोडका पुतळा नको असे, म्हणून शिल्पकार उणे अवयव नव्याने घडवून जोडत. 1506 मध्ये सापडलेल्या लाओकून शिल्पात बाप आणि त्याचे दोन मुलगे सापांच्या विळख्यात आहेत; त्यातल्या बापाला सरळ वर उगारलेला हात मिळाला तो असाच. प्राचीन हात कोपरात दुमडलेला होता. 20व्या शतकाच्या सुरुवातीला तो रोममधल्या एका पाथरवटाकडे सापडला आणि 1950 च्या दशकाअखेरीस जागेवर बसला.

18व्या शतकात इंग्रज उमरावांच्या खरेदीमुळे या कामाला धंद्याचे रूप आले. तुटलेली कड टाकीने सपाट करायची, भोक पाडून लोखंडी सळई घालायची, तिच्यावर नवा दगड चढवायचा. सांधा दिसू नये म्हणून शेजारचा जुना दगडही घासला जाई. म्हणजे मूळ भंगरेषा तिथेच कायमची नष्ट होई.

पुढच्या वादाचे मूळ इथे आहे. 1790 मध्ये रोमजवळच्या तिवोलीपाशी, रोमन सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या परिसरात सापडलेला हेराक्लीस या ग्रीक वीराचा पुतळा असाच पुरा करून इंग्लंडला गेला आणि 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका संग्रहात आला. 1970 च्या दशकात त्याच्या सळया गंजल्याचे आढळले. गंजलेले लोखंड फुगते आणि संगमरवर तडकवते, तेव्हा पुतळा सुटा करणे भागच होते. पण त्याच वेळी 18व्या शतकातले तुकडेही बाजूला काढले गेले. ‘फक्त प्राचीन तेवढेच ठेवा’ हा त्या काळचा आग्रह होता. म्युनिकमध्ये 1960 च्या दशकात एजिना या ग्रीक बेटावरून आलेल्या प्राचीन शिल्पांवरचे 19व्या शतकातले अवयव याच विचाराने उतरवले होते.

सळया काढणे योग्य होते, तुकडे काढणे नव्हे. कारण उरले ते प्राचीन भग्न शिल्प नव्हतेच. टाकीने तासलेले सपाट थोटूक कोणत्याच काळाचे नसते. शिवाय दोनशे वर्षे लोकांनी पाहिलेला, नावाजलेला हेराक्लीस त्या जोडकामासकटच होता. 1990 च्या दशकात ते अवयव पुन्हा बसवले गेले. हे जमले, कारण उतरवलेले तुकडे कोणी फेकून दिले नव्हते.