खाऱ्या हवेत नळ टिकवायचे असतील तर
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"पॉलिश उडालं, माल हलका दिलात काय?" अशी तक्रार घेऊन रत्नागिरीच्या आसपासची पुष्कळ मंडळी दुकानात येतात. माल कधी कधी हलका असतो, नाही असं नाही. पण चांगला नळ लवकर खराब होतो तेव्हा बहुधा दोनच गुन्हेगार सापडतात: समुद्राचा खार आणि न्हाणीघरातली अ‍ॅसिडची बाटली.

चकचकीत नळ दिसतो स्टीलचा, पण आत बहुतेक वेळा पितळ असतं. त्यावर निकेलचा थर आणि सगळ्यात वर क्रोम. हा क्रोमचा थर इतका पातळ की मायक्रॉनच्या अंशात मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. मिऱ्या, काळबादेवी, गणपतीपुळे अशा गावांत वाऱ्याबरोबर येणारा खार नळावर बसतो आणि हवेतला ओलावा ओढून घेतो. मग तो छिद्रांतून आत उतरतो, खालचं पितळ कळकतं, हिरवट ठिपका दिसतो आणि पुढे फोड येऊन पापुद्रा सुटतो. फोड आल्यावर कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही.

त्यामुळे खरा उपाय फुकटातला आहे: गोडं पाणी आणि कोरडं फडकं. जुना सुती पंचा उत्तम. किनाऱ्यालगतच्या घरात रोज एकदा, आत सड्यावर राहत असाल तर आठवड्यातून एकदा नळ पाण्यानं धुऊन कोरडा करा. कोरडा करणं महत्त्वाचं, नुसतं धुऊन भागत नाही. नळाची पाठ सगळे पुसतात, पोट कोणी पुसत नाही. तोटीच्या खालची बाजू आणि भिंतीला टेकलेल्या फ्लेंजची (गोल चकतीची) कड इथेच पाणी साचतं आणि गंज इथूनच सुरू होतो. साबणाचे ओशट डाग असतील तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात.

आता काय वापरू नये ते. फरशीचं अ‍ॅसिड नळाला लावूच नका. ते क्रोम खातं. फरशीवर ओतलं तरी त्याच्या वाफेनं वरचा नळ काळवंडतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि नंतर नळही धुवा. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, जिवाशी खेळ आहे. तारेची घासणी, राख, नारळाचं सोडण यांनी ओरखडे पडतात आणि खाराला वाट मिळते. आणखी एक, आपल्याकडची खास सवय: तांब्या-पितळेची भांडी जशी कोकमानं किंवा लिंबू-मिठानं उजळतात, तसाच नळ घासायचा. भांड्याला ते ठीक, कारण त्याचा वरचा थर घासूनच काढायचा असतो. नळाचा वरचा थर राखायचा आहे. शिवाय कोकमाच्या आगळात (खारवलेल्या रसात) मीठ असतंच.

पांढरा खर (पाण्यातल्या क्षाराचा थर) साठला असेल तर व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, फडकं भिजवून दहा-पंधरा मिनिटं गुंडाळा, काढून भरपूर पाण्यानं धुवा आणि पुसा. रात्रभर ठेवू नका. काळ्या, सोनेरी किंवा अँटिक फिनिशच्या नळाला हेही नको, तिथे फक्त साबणपाणी.

डाग तांबूस असेल तर तो क्षार नव्हे, लोखंड. हातखंबा-पालीकडच्या जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात ते असू शकतं. त्यावर ब्लीच टाकलं तर डाग आणखी पक्का बसतो.

धार बारीक झाली की लोक थेट नवा नळ मागतात. आधी तोंडाची जाळी (फोम फ्लो) काढून बघा. पान्ह्याला फडकं गुंडाळून फिरवा, नाहीतर दाते उमटतात. पावसाळ्यानंतर जाळीत तांबडा गाळ आणि वाळूचे कण निघतात. जुन्या दातांच्या ब्रशनं उलट बाजूनं घासा, खर असेल तर व्हिनेगर-पाण्यात थोडा वेळ बुडवा, धुऊन परत बसवा.

जे मुंबईला असतात आणि गणपती, शिमगा नि मे महिन्यातच घर उघडतात, त्यांच्यासाठी: जाताना टाकीचा मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाका, नळ कोरडे पुसा. आल्यावर जाळ्या काढून ठेवा आणि मगच पाणी सोडा, म्हणजे पाइपातला गाळ जाळीत अडकणार नाही. पहिलं पाणी पिऊ नका, काही वेळ वाहू द्या. अँगल कॉक (बेसिन किंवा फ्लशला जाणारं पाणी बंद करायचा भिंतीवरचा छोटा कॉक) प्रत्येक खेपेला एकदा पूर्ण बंद-चालू करा. न फिरवलेला कॉक आखडतो, आणि गळती लागली की नेमका तेव्हाच फिरत नाही.

नळ ठिबकतो म्हणून जोर लावून आवळू नका. जुन्या पद्धतीच्या नळात वायसर झिजलेला असतो, तो स्वस्तात बदलतो. आवळून आवळून सीट (वायसर जिथे टेकतो ती जागा) खराब झाली तर खर्च वाढतो. पाव फेऱ्याच्या नळात सिरॅमिक डिस्कचं कार्ट्रिज असतं, त्यात वायसर नसतो. वाळूच्या कणानं चरा पडला तर अख्खं कार्ट्रिजच बदलावं लागतं. आतल्या रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं.

मागीलदारी, जिथे मासळी धुतली जाते, तिथे क्रोमचा महागडा नळ आम्ही स्वतःहून देत नाही. पीटीएमटीचा प्लॅस्टिक नळ घ्या. दिसायला साधा, पण खाराला दाद देत नाही.

वॉरंटीबद्दल: अ‍ॅसिडनं किंवा क्षारानं फिनिश खराब झालं तर बहुतेक कंपन्या ते धरत नाहीत. बिल मात्र जपून ठेवा, आतल्या भागांसाठी लागतं.

कार्ट्रिज किंवा वायसर बदलायचा असेल तर जुना काढून सोबत आणा. नुसत्या फोटोवरून दात्यांचा आकार कळत नाही आणि तुमची खेप फुकट जाते.