राख इथेच पडते, पारा ध्रुवापर्यंत जातो

नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या आसपास गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, की करडी भुकटी लागते. त्यामुळे चिमणीतून जे निघतं ते सगळं आपल्याच भागात पडतं, असं लोक धरून चालतात. राखेच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे, पाऱ्याच्या बाबतीत मुळीच नाही.

राख म्हणजे कोळशात मुळातच असलेली, न जळणारी माती-खनिजं. आपल्या कोळशात ती 30 ते 45 टक्के असते. ईएसपी नावाची यंत्रणा विजेच्या भाराने तिचा बहुतेक भाग पकडते. जी निसटते, तिचे जाड कण जवळपासच पडतात आणि बारीक कण पावसाने धुऊन निघतात.

पारा टनभर कोळशात एक ग्रॅमही नसतो, पण भट्टीच्या आचेत त्याची वाफ होते. त्यातला काही भाग क्लोरीनशी संयोग पावून पाण्यात विरघळण्याजोगा होतो. तो राखेला चिकटतो, नाहीतर पावसाबरोबर खाली येतो. उरलेली शुद्ध पाऱ्याची वाफ मात्र ना पाण्यात सहज विरघळते, ना ईएसपीच्या पट्ट्यांवर बसते. ती कित्येक महिने हवेत राहते. तेवढ्या अवधीत वारे तिला अख्ख्या उत्तर गोलार्धात फिरवतात. चिमणीवर धूर दिसत नाही म्हणून पारा थांबला, असं म्हणताच येत नाही.

पुढचं सगळ्यात विलक्षण आहे. 1995 च्या वसंतात कॅनडाच्या अगदी उत्तरेला, अलर्ट इथे, हवेतला पारा एकाएकी नाहीसा होताना मोजला गेला. लांबलचक ध्रुवीय रात्र संपून ऊन पडलं, की समुद्राच्या खारट बर्फातून ब्रोमीन सुटतं. ते पाऱ्याच्या वाफेशी संयोग पावतं आणि पारा बर्फावर बसतो. काही पुन्हा हवेत उडतो. उरलेल्यातला थोडा सूक्ष्मजीवांमुळे मिथाइल पारा, म्हणजे शरीरात साठणारं विषारी रूप, बनतो आणि मासे, सील, व्हेल असा चढत तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांच्या ताटात पोहोचतो. तिथे दगडी कोळशाची एकही भट्टी नसली तरी.

जगात पाऱ्याचं सर्वात मोठं उगमस्थान हाताने चालणाऱ्या छोट्या सोनेखाणी आहेत, पण त्यांच्यापाठोपाठ कोळसाच येतो. भारतात डिसेंबर 2015 च्या नियमांनी औष्णिक केंद्रांना पाऱ्याची मर्यादा घातली: घनमीटरमागे 0.03 मिलिग्रॅम. जनसुनावणीत आपण राखेबद्दल पोटतिडकीने बोलतो, ते योग्यच आहे. त्याच दमात पाऱ्याचा मोजलेला आकडाही मागायला हवा.